एक आवाज, एक फर्माईश

चिनात्सूने टोकियोहून आणलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि ती कमरेत वाकली. "माझं गाणं सांभाळून घ्या." तीन वर्षांत, दोन रेकॉर्डींपायी, तिने हे वाक्य इतक्या गावांत म्हटलं होतं की आता ते आपसूक तोंडातून बाहेर पडायचं.

हाचिनोहेच्या केबल रेडिओचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत तबकड्या फिरायच्या आणि गाणी तारेवरून शहरातल्या न्हाव्यांकडे, खानावळींत, दारूच्या दुकानांत जायची. बाहेरच्या खोलीत टेलिफोन. लोक फोन करून गाणं मागायचे. कुठल्या गाण्याला किती फर्माइशी आल्या, ते वहीत लिहून टोकियोच्या रेकॉर्ड कंपन्यांना कळवलं जायचं.

वही ओयामादाबाईंच्या ताब्यात होती. पंचावन्नच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी चहा ओतला. "बस, पोरी. ते तिकिटाचं गाणं तूच लिहिलंस ना?"

"हो. शब्द माझे, चालही माझीच. 'परतीचं तिकीट नको'." चिनात्सूला राहवेना. "ओयामादा-सान, रोज वीस फर्माइशी! दुसरीकडे कुठे दोन आल्या तरी नशीब. आज तीस तारीख. आजच्या वीस पडल्या की महिन्याचा आकडा भरतो, आणि कंपनी माझी तिसरी रेकॉर्ड काढते. नाही पडल्या तर उद्यापासून घरी बस, असं तोंडावर सांगितलंय त्यांनी. पण हे माझं गाव, मला वाऱ्यावर सोडणार नाही."

ओयामादाबाई डब्याच्या दोरीशी चाळा करत राहिल्या. दोरी काही सोडली नाही.

"फर्माइशी वीस येतात," त्या म्हणाल्या. "पण करणारी बाई एकच आहे."

"म्हणजे?"

"कधी टॅक्सीवाला होते, कधी म्हातारी, कधी शाळेतला पोरगा. टॅक्सीवाला तर असला भिकार करते की पहिल्या दिवशी हसून हसून मी खुर्चीवरून पडायची राहिले. आमच्याकडे नियम आहे, एक आवाज, एक फर्माईश. पण इतके कष्ट घेते म्हटल्यावर मी महिनाभर बहिरी झाले. वीसच्या वीस लिहिल्या."

चिनात्सूच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आज तू स्वतःच दारात आलीस. तुझ्यादेखत मला बहिरं होता येत नाही बघ." ओयामादाबाईंनी वही, पेन्सिल आणि फोनचा कानाला लावायचा पट्टा तिच्यापुढे सरकवला. "बाराचा भोंगा झाला की तिचा फोन येतो. आजचं पान तू लिही. लिहिशील ते मी कळवीन. विचारणार नाही."

गोदीवरच्या मासळीच्या कारखान्याचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. पाच मिनिटांनी फोन वाजला.

"हॅलो!" खर्जात लावलेला आवाज, मागे समुद्रपक्ष्यांचा गलका. "टॅक्सीवाला बोलतोय. ते तिकिटाचं गाणं लावा. गिऱ्हाइकं डोकं खातात माझं."

ही बाई शंभर बायकांच्या घोळक्यात नुसती खोकली असती, तरी चिनात्सूने ओळखली असती. आई! ती त्या मासळीच्या कारखान्यातच कामाला होती. गावात येऊन दोन दिवस झाले होते आणि ती घरी गेली नव्हती. तिसऱ्या रेकॉर्डची बातमी घेऊनच उंबरा ओलांडायचा, असं तिने ठरवलं होतं. आईने आपलं एखादं गाणं कधी ऐकलं असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"लावते हं," ती तिथल्या बायकांसारखं मधाळ बोलली आणि वहीत एक रेघ ओढली.

दोन मिनिटं गेली. फोन पुन्हा वाजला.

"अगं बाई, मी बंदरावरची म्हातारी. नातीला ते तिकिटाचं गाणं ऐकायचंय."

चिनात्सूने पट्टा कानाशी दाबून धरला. "आजी, तुम्हाला स्वतःला आवडतं का ते?"

पलीकडे म्हातारी जरा अडखळली. "खरं सांगू? मला नाही त्यातलं काही कळत. फार वर चढून गाते ती पोरगी. घसा दुखत असेल तिचा." आणि मग घाईघाईने, "पण लावा हं. नातीसाठी."

"लावते."

पेन्सिल कागदावर टेकली, पण रेघ काही ओढली गेली नाही. ओयामादाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या; बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तिसऱ्यांदा फोन वाजला. "हॅलो, मी सातवीत आहे, मला ते..." पोराचा आवाज काढता काढता आवाज चिरकला, ठसका लागला, आणि तो काही केल्या थांबेना.

चिनात्सूने ठसका ओसरू दिला. पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आई, पुरे आता. डबा खा जा. सुट्टी संपेल."

पलीकडे नुसते पक्षी ओरडत होते. फोन मध्येच तुटू नये म्हणून त्या बाजूला कुणीतरी सार्वजनिक फोनच्या डब्यात आणखी एक नाणं टाकल्याचा आवाज आला. मग आई बोलली, कुणाचंही सोंग न घेता.

"अजून सतरा फोन राहिलेत."