क्रेनने हात केला

कितीतरी महिन्यांनी वनिता घरतला काम मिळालं होतं. उरणच्या घरात बसून तिने हातमोजा चढवला, की परदेशातल्या बंदरावरची क्रेन तिच्या हाताबरहुकूम हलायची. आज पडद्यावर पाहते तर काय, धक्क्यावर माणसंच माणसं मांडी घालून बसलेली!

"हे कोण हो?" तिने विचारलं.

"तिथले कामगार. युद्धासाठी तोफगोळे जहाजावर चढवणार नाहीत म्हणे. संप!" कानातल्या इयरफोनमधून सुपरवायझर म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला घेतलं. उचला कंटेनर."

वनिताने हात खाली नेला. तेवढ्यात बसलेल्यांतल्या एका बाईने क्रेनच्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. उरणच्या जेट्टीवर कोणी हात केला की उलट हात करायचाच, ही वनिताची लहानपणापासूनची सवय. तिचा हात आपसूक वर गेला, आणि त्या अवाढव्य क्रेनचा लोखंडी हात आभाळात चक्क टाटा करू लागला!

धक्क्यावर हशा, टाळ्या, शिट्ट्या. ती बाई तर उठून नाचायलाच लागली.

"घरतबाई, हा काय पोरखेळ? काम जाईल तुमचं!"

वनिताने शांतपणे मोजा काढला.

"जाऊ दे. तिकडे तेवढं कळवा, उरणहून आणखी एक जणी संपावर बसली म्हणून."