सूर्याच्या नावाची चिठ्ठी

चिठ्ठ्या दोनच होत्या.

हेमचंद्रांनी वाटी हलवून पाहिली. तळाशी तिसरी चिकटली असेल म्हणून बोटही फिरवलं. "जयदीपची कुठाय?"

"तो ड्यूटीवर आहे, बाबा," शंतनु म्हणाला.

"ड्यूटीवर आहे ना? मग आहे तर खरा."

ईशानी उठून चहाचे कप गोळा करू लागली. चहा अजून कोणाचाच संपला नव्हता.

वाटणी खुद्द हेमचंद्रांची चालली होती. २००९च्या जानेवारीत हॅमिल्टनच्या घरासमोरचा बर्फ शोव्हलने उपसताना ते घसरले, खुब्यात खिळे बसले, आणि बाबांनी आता एकटं राहायचं नाही असं मुलांनी ठरवलं. सहा महिने ओकव्हिलला शंतनूकडे. तिथे अंगण होतं आणि जिनेही होते. सहा महिने नॉर्थ यॉर्कला ईशानीकडे. तिथे लिफ्ट होती, अंगण नव्हतं. उन्हाळा कोणाकडे यावरून रुसवेफुगवे नकोत म्हणून चिठ्ठ्या, आणि त्या उचलायला शंतनूची नऊ वर्षांची जाई.

"तिसरी लिही," हेमचंद्र म्हणाले. "चार-चार महिने करा."

"अहो बाबा, तो दिवसदिवस हॉस्पिटलमध्ये असतो. तुम्ही तिथे एकटेच भिंतीकडे बघत बसणार."

"रात्री येईल ना? सूर्यसुद्धा रात्री घरी जातो."

शंतनूने डोळे मिटले. बाबांच्या तोंडून सूर्य निघाला की मागोमाग काय येतं, हे त्या घरात पाठ होतं. हेमचंद्रांनी हॅमिल्टनच्या विद्यापीठात तीस वर्षं ग्रीक पुराणं शिकवली. पुण्याच्या माणसाने गोऱ्यांना ग्रीक शिकवावं हे गोऱ्यांना चाललं. मराठी मंडळाला काही शेवटपर्यंत पटलं नाही.

"हे बघ जाई, ग्रीकांचा सूर्य म्हणजे हीलिऑस. आपल्या सूर्याच्या रथाला सात घोडे, त्याच्या रथाला चार. त्यांचं सगळं जरा बेतानेच. तर एकदा देवांनी पृथ्वी वाटून घ्यायची ठरवली. चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला हे शहर, कोणाला ते बेट. हीलिऑस तेव्हा कुठे होता? वर, रथ हाकत. ड्यूटीवर! त्याच्या नावाची चिठ्ठी टाकायचं कोणाला सुचलंच नाही. ज्याच्या उजेडात वाटणी झाली, त्यालाच वाटा नाही."

"दॅट्स सो नॉट फेअर, आजोबा."

"तेच तुझ्या बाबाला सांगतोय."

ईशानी सिंकपाशी पाठमोरी उभी होती. "पुढचंही सांगा ना तिला. देवांचा राजा म्हणतो, चुकलं आमचं, पुन्हा चिठ्ठ्या टाकू. तेव्हा नको कोण म्हणतं?"

"हीलिऑसच म्हणतो. पण त्याला समुद्रातून वर येणारं नवं बेट दिसलं होतं. त्याला ते हवं होतं, म्हणून."

"हं," ईशानी म्हणाली आणि धुतलेला कप तिने पुन्हा धुतला.

जयदीपच्या वाट्याला नेहमीच उपेक्षा आली, ही हेमचंद्रांची जुनी टोचणी. त्याला नाटकात जायचं होतं. डॉक्टर हो हा हट्ट त्यांचा. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको पद्मजा गेली, तिच्या साड्या, तिची भांडी घरच्यांत वाटली, तेव्हा तो ड्यूटीवर. तिच्या शेवटच्या आठवड्यातही तो दुसऱ्यांच्या आया वाचवत होता. मागाहून हेमचंद्रांना वाटत राहिलं, आपणच त्याला नीट बोलावलं नाही. फोनवर 'जमलं तर ये' म्हणालो. असं कोणी म्हणतं का?

"बाबा, राहू द्या त्याचं," शंतनु हळूच म्हणाला. "मी आणि ईशा आहोत ना. आम्हाला जड नाही."

"तुम्हाला जड नाही रे. पण उद्या तो म्हणेल, मला बापातसुद्धा वाटा दिला नाही. तुम्ही दोघं थोरले. वाटताना धाकट्याचं नाव आधी घ्यायचं असतं."

शंतनूने बहिणीकडे पाहिलं. बहीण नळाकडे पाहत होती. शेवटी त्याने ग्रोसरीच्या यादीचा कोपरा फाडला आणि तिसरं नाव लिहिलं.

पहिलं नाव निघेल त्याच्याकडे मे ते ऑगस्ट, असं ठरलं. जाईने डोळे घट्ट मिटून चिठ्ठी उचलली. "जयदीप काका!"

हेमचंद्रांनी टाळी वाजवली. खुबा दुखला, तरी दुसऱ्यांदा वाजवली. अख्खा उन्हाळा! खिडकीपाशी खुर्च्या टाकू. तो दमून येईल, तेव्हा आमटी-भात तयार ठेवू. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलंय, ते रोज थोडं थोडं बोलू.

"मी कळवतो त्याला," शंतनु घाईने म्हणाला. "संध्याकाळी."

"ही बातमी मीच देणार."

"दादा, फोन..." ईशानी ओल्या हातांनी वळली. तोवर वॉकर ढकलत ते फोनपाशी पोचले होते. वॉर्डचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. लागायचा क्वचित, पण पाठ होता.

पलीकडे एक हसतमुख मुलगी होती. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, म्हणाली, दोन तास तरी लागतील.

"मी त्याचा बाप बोलतोय," हेमचंद्र खणखणीत आवाजात, मागच्या दोघांनाही ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाले. "बिचाऱ्याला रविवारीसुद्धा सोडत नाही तुम्ही."

"अहो, नाही!" ती हसली. "आज त्यांची सुट्टीच होती. घरी आज काहीतरी आहे म्हणून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना गळ घालून ही ड्यूटी मागून घेतली."