आधी तीन वस्तू सांगा

धाड! वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच बसला. मुलगी बाहेर पायरीवर, हातात झाडू. बाबा आत. चावीही आत, चहाच्या डब्यात लपवलेली. आणि गॅसवर दूध.

"आता बोंबला!" ती स्वतःलाच म्हणाली. सुक्या पानांवरून बाबा घसरतील म्हणून पायरी झाडायला आली होती. दोन मिनिटं फक्त! पण पानगळ सुरू झाल्यापासून त्या झाडाने उच्छाद मांडला होता. एक ढीग भरावा तोवर दुसरा हजर.

दार आतूनही चावीशिवाय उघडत नसे. गेल्या महिन्यात बाबा अनवाणी पार चौकापर्यंत गेले, तेव्हा तिने हे कुलूप मुद्दाम बसवून घेतलं होतं. बाहेर पडलं की बाबांना हल्ली घर आठवत नसे. घरात असले की मुलगी आठवत नसे.

तिने गुडघे टेकले आणि दारातली टपालाची फट उचलली. पलीकडे बाबांच्या चपला दिसल्या.

"बाबा, गॅस बंद करा! पळा!"

"कोण पाहिजे?"

"अहो मी! तुमची मुलगी!"

"माझी मुलगी शाळेत गेलीय," बाबा ठामपणे म्हणाले. "चार वाजता येते."

पंचेचाळीस वर्षांच्या मुलीने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका धडधडत खाली आले. "हो बाजूला! एकच खांदा मारतो, दार आडवं!"

"नको, काका! ते दाराला चिकटूनच उभे आहेत!"

दूध उतू जाणार. ज्योत विझणार. गॅस घरभर होणार, आणि बाबांना तर आता वासही कळत नाही. ती घामाघूम झाली. आणि अचानक तिला सुचलं.

"किल्लीवाले!" तिने अनोळखी बाईसारखी हाक मारली. "अहो किल्लीवाले, माझी चावी घरात राहिलीय. कुलूप उघडून देता का?"

आतल्या चपला एकदम जुळल्या. आवाजही बदलला, चाळीस वर्षं कुलूपकिल्ल्यांचं दुकान चालवलेल्या माणसाचा झाला. "देतो की. पण आधी तीन वस्तू सांगा. आत काय काय आहे? बरोबर निघाल्या तर घर तुमचं. नाहीतर सरळ पोलीस चौकी."

हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक डॉक्टर असो नाहीतर खुद्द फौजदार, तीन वस्तू सांगितल्याशिवाय किल्लीवाल्यांनी कुणाच्या कुलपाला हात लावला नव्हता. आज आपण दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

"दाराशी छत्री आहे. मूठ तुटलेली!"

"आहे. एक."

"स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं आहे. त्याच्या खालचं बटण बंद केलं की वरच्या बाजूला लाल ठिपका येतो. चालू असलं की दिसत नाही. फिरवून बघा! लवकर बघा, किल्लीवाले!"

"शाब्बास!" ड्रायव्हरकाकांनी मूठ आवळली.

चपला फटफटत गेल्या. चरचर ऐकू आली, बहुतेक दूधच. मुलीने ओठ दाताखाली धरला. काकांनी खांदा पुन्हा तयार ठेवला. चपला परत आल्या, सावकाश, आपल्याच तालात.

"आहे ठिपका. नेलपॉलिशचा दिसतोय. दोन. दूध सांडलंय, त्याचं आम्ही काही करू शकत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. काकांनी तर शिट्टीच मारली. "आता पटकन सांग, घड्याळ म्हण, कपाट म्हण, काहीही म्हण!"

तिलाही घड्याळच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच आलं.

"आत माझे बाबा आहेत."

"अगं ए!" काका किंचाळले. "जरा शहाण्यासारखं बोल ना!"

चपला गेल्या. या खोलीत, त्या खोलीत. कपाटाचं दार कुरकुरलं. बऱ्याच वेळाने परत आल्या.

"पलंगाखाली पण बघितलं, बाई. घरात कुणीही नाही."

पण आता ती हटून बसली. फटीला तोंड लावून म्हणाली, "आहेत. नीट बघा. निळा स्वेटर घातलाय त्यांनी. डाव्या कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ आहे. निळी लोकर संपली होती, म्हणून मी हिरवी लावली."

फटीतून तिला एक निळी बाही दिसली. बाही वळली, उजव्या हाताने पुढे ओढली गेली. बोटं ठिगळावरून एकदा फिरली, पुन्हा एकदा फिरली.

"तीन," आतून आवाज आला.

मग कुलपात काहीतरी खुडबुडलं. खट्! दार सताड उघडलं आणि मुलीबरोबर ओंजळभर पानंही आत घुसली. बाबांच्या हातात तिची विणायची सुई होती. चावी डब्यातच होती! ज्या कुलपाच्या भरवशावर ती महिनाभर निर्धास्त झोपत होती, ते बाबांनी अर्ध्या मिनिटात उघडलं होतं.

"उघडलं! उघडलं हो!" ती हसत, रडत त्यांच्या गळ्यातच पडली. काका टाळ्या पिटत होते. बाबांनी अवघडून तिची पाठ थोपटली आणि हळूच स्वतःला सोडवून घेतलं.

"घर तुमचंच आहे, बाई. शंका नाही," ते म्हणाले. मग काकांना ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी वाकले. "फक्त त्या म्हाताऱ्याला आत ठेवून दार लावत जाऊ नका. घाबरतो तो."