ओकचं पिंप

"ह्याला लाकूड लागलंच नाय, शेठ," सुकऱ्या म्हणाला आणि त्याने ग्लास पालथा ठेवला.

जयदेवशेठने मोबाईलमधून मान वर केली. "पूरा प्यायलास ना?"

"थेंब ठेवला नाय. तुमचाच नियम."

उल्हासनगरच्या त्या गाळ्यात सुकऱ्याचा मान मोठा. अमेरिकेची व्हिस्की पिंपांतून येते, इथे बाटल्यांत भरली जाते; पण अस्सल कोणती ते सांगणार बारवी धरणाकाठचा सुकऱ्या. मोहाच्या झाडाखाली वाढलेलं नाक. डोळे मिटून फूल हुंगायचा आणि झाड सांगायचा. शेठने शिकवलेले अमेरिकेचे नियम त्याने ओवीसारखे पाठ केले होते: निम्म्याहून जास्त मका, आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप, वरून रंग नाही, वास नाही. शिवाय शेठचा आपला एक: दुपारी भरला ग्लास प्यायचा आणि सकाळपर्यंत गाळ्यातच निजायचं. खरी चव म्हणे रात्रभर उतरते.

मागच्या मालाला तो घरी कुरकुरला, तेव्हा बायको येसूने टोकलं होतं. "तू गप 'बेस हाय' म्हण. मोठा आलाय अमेरिकेचा जावई. जिभेपायी नोकरी घालवशील."

तेव्हा तो गप्प बसला. आज जमेना.

"रंग वरून दिलाय ह्याला. हा माल सोडू नका. मला काढलंत तरी चालंल."

शेठ हसला. "तुला कोण काढतंय, वेड्या? आराम कर. फैसला सुबह."

जाग आली तेव्हा पायांवर ऊन पडलं होतं. डोळ्यांपुढे मात्र धरणावर उतरतं तसलं पांढरं धुकं. डोकं ठणकत होतं. त्याने चाचपडत भिंत धरली.

"शेठ, शटर लावलंय का?"

कुणी डोळ्यांपुढून हात फिरवावा तसा वारा हलला, एकदा, दोनदा. मग पावलं लगबगीने लांब गेली आणि मोरीत कुणीतरी काहीतरी भडाभडा ओतू लागलं. पिंपामागून पिंप. वासावरून त्याने ओळखलं, कालचाच माल.

सुकऱ्याचा ऊर भरून आला. एवढा माल, त्याच्या एका शब्दावर. कधी एकदा येसूला सांगतो असं त्याला झालं.

बाहेर जयदेवशेठ फोनवर हलक्या आवाजात बोलत होता.

"हां, फेकला सगळा. नवा माणूस पाठव. चवीतलं काही कळत नसलं तरी चालेल, फक्त डोळे चांगले पाहिजेत."