ऑक्सिजनची चावी

हे लिहिणारच नव्हतो, कारण चूक माझीच होती. डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षात सरांनी आमाले प्रोजेक्ट दिला: वॉर्डातली एक अडचण शोधा, सुधारून दाखवा. मी घड्याळ लावून पाहिलं, ऑक्सिजन सुरू व्हायला नऊ मिनिटं. रिपोर्टात लिहिलं, “सिस्टर चंदा उशीर करते.” चंदा आमच्याच वस्तीतली, सेक्टर दोनची, माझी शाळेपासूनची दोस्त, नोकरी कंत्राटी. वाचून म्हणाली, “वा, डॉक्टरसाहेब! मले काढतील ना बे. मोजत उभा होता, आता एक बार माह्यासंग धावून पाह्य.” दुसऱ्या दिवशी धावलो. सिलिंडर पलंगाजवळच होता, पण तो उघडायची चावी तीन वॉर्डांत मिळून एकच. शोधत दोन जिने चढलो. नऊ मिनिटंच लागली. चंदा हाफत म्हणाली, “मंग? सरांसमोर काय वाचशीन?” मी तिचं नाव खोडलं. “आधी हरेक सिलिंडरले चावी बांधीन,” म्हटलं, “मंगच रिपोर्ट वाचीन.”