बाकी एक

मास्तरांना एक खोड होती. गाडीची पाटी दिसो की औषधाच्या बाटलीवरचा आकडा, ते लगेच त्याला भागायला बसायचे. त्यामुळे घरात नवा फोन लागला त्या दुपारी त्यांनी आधी त्याच्या नंबरलाच हात घातला. २३२७९२५६१.

दोनने भागलं, बाकी एक. तीनने भागलं, बाकी एक. चार, पाच, सहा, तीच गत. पार वीसपर्यंत गेले, तरी दर वेळी एक उरलाच.

"अगं, हा नंबर कुणालाच दाद देत नाही," ते बायकोला म्हणाले. "कसेही वाटे करा, शेवटी एकटा एक मागे राहतो."

"राहू दे त्याला. तुमचा चहा गार होतोय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. तिच्या शेजारी भांडी विसळणारी मेहुणी हसली. आतल्या खोलीत त्यांची लेक चिमी तेराचा पाढा घोकत होती.

तेवढ्यात फोन वाजला. खरं तर नंबर अजून कुणालाच दिलेला नव्हता.

"मास्तर," पलीकडचा आवाज थकलेला, पण अदबीचा होता. "बाकी किती?"

कुणी जुना विद्यार्थी चेष्टा करतोय, असं त्यांना वाटलं. वर्गात द्यायचे तसं त्यांनी ठणकावून उत्तर दिलं, "एक."

"म्हणजे तुम्हीच," आवाज म्हणाला. "बरं."

फोन बंद झाला.

"तेरा सत्ते..." आतून चिमी म्हणाली, आणि पुढचं काही आलंच नाही. स्वयंपाकघरात नळ नुसताच वाहत राहिला.