नाकाचं घराणं

"स्नीझ म्हणजे झोप येणं," मास्तरीणबाईंनी ठणकावून सांगितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, शिंकणं! स्नीझ म्हणजे शिंकणं. कालही सांगितलं होतं तुला."

"तू मध्ये पडू नकोस. मी ह्यांना सांगतेय."

'हे' म्हणजे मास्तर. टेबलाच्या टोकाला, पाठीला उशी लावून बसलेले. उभा जन्म त्यांनी इंग्रजी शिकवण्यात घालवला होता आणि त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. शब्द ते सुटे शिकवत नसत, अख्खं घराणंच शिकवत. सारख्याच अक्षरांनी सुरू होणारे शब्द फळ्यावर गोळा करायचे आणि ह्यांचं आपसात नातं काय, ते मुलांना हुडकायला लावायचं. एस-एन हे त्यांचं सगळ्यात लाडकं घराणं, कारण ते नाकाचं. त्यात शिंक होती, हुंगणं होतं, घोरणं होतं, तपकीरसुद्धा होती. "मग सर, स्नेक आणि स्नो?" असं कुणी विचारलंच, तर "ते दत्तक," म्हणून मास्तर मोकळे.

माणूस एवढा मिश्कील, पण शब्दाचा अर्थ चुकला की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा शेजारी आपल्या मुलीला चुकीचा अर्थ सांगतोय, हे भिंतीपलीकडून ऐकू आलं, तर मास्तर अर्धी दाढी टाकून, गालावरच्या फेसासकट त्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते.

आणि आता त्याच तोंडातून अक्षर फुटत नव्हतं. अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात सावरला, पाय सावरला, वाचा मात्र गेली ती गेलीच. स्पीच थेरपीवाल्या बाई यायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सफरचंदाचं चित्र पुढे धरलं आणि म्हणाल्या, "बोला, ॲपल." मास्तरांनी जे भिंतीकडे तोंड फिरवलं, ते बाई जाईपर्यंत वळवलं नाही. पुढेही तेच. शेवटी बाईंनी चित्रं पिशवीत भरली. "जीभ शाबूत आहे, शब्दही आत शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनीच मनावर घेतलं नाही, तर आता फार आशा ठेवू नका."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरीणबाईंनी काय करावं? इंग्रजी शिकायला घेतलं. ह्या वयात! त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांची शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची, तेव्हा ह्या आत शिलाई मशीनवर बसलेल्या असायच्या. त्या आता रोज चहाला बसल्या की एस-एनचे शब्द घेऊन सुरू व्हायच्या आणि एकाचाही अर्थ धड सांगायच्या नाहीत.

"स्निफ म्हणजे बटाटे सोलणं."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मानेची शीर तटतटली.

"आई, पुरे कर ना," मुलगी कळवळून म्हणाली. "बघ तरी त्यांच्याकडे. किती त्रास होतोय त्यांना. काल बशी सरकवून उठून गेले. तुला शिकायचंच असेल तर मी शिकवते."

"तुझ्याकडून नाही शिकायचं मला." मास्तरीणबाईंनी चहाचा घोट घेतला आणि नवऱ्याकडे वळल्या. "हं. आता स्नोअर. स्नोअर म्हणजे बायकोशी गोड बोलणं. ह्यात तर ह्यांचा हात कुणी धरणार नाही. रात्रभर करतात!"

मुलीला नको तेव्हा हसू फुटलं. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कप उडाले, चहा सांडला.

"चू... चू..."

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"चूक!" मास्तर गरजले. "घो... घोरणं!"

मास्तरीणबाईंच्या हातातलं बिस्कीट चहात कधी विरघळलं, त्यांना समजलंही नाही. बंद पडलेल्या नळाला पाणी यावं, तसं मास्तरांचं झालं. आधी नुसतीच फुरफुर, मग धार. "स्नीझ... शिंकणं. स्निफ... हुंगणं! बटाटे कसले? स्नफ, तपकीर. स्नाउट..." त्यांनी हातानं डुकराचं लांब नाक करून दाखवलं आणि स्वतःच हसले. मुलगी त्यांच्या गळ्यातच पडली. एवढा आनंद त्या घरात कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

लेकीच्या खांद्यावरून मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते. नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि रुमाल सापडेना म्हणून ती हाताच्या पालथ्या बाजूनं काम भागवत होती. मास्तरांच्या डोळ्यांत खट्याळ चमक आली. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "स्नि... स्नि..."

आणि अडकले. ओठ हलले, गळा हलला, शब्द येईना. कोणता शब्द? मुलीनं डोकं खाजवलं, तिलाही आठवेना. मास्तरांचं बोट तसंच बायकोच्या नाकावर रोखलेलं.

मास्तरीणबाईंनी सुर्रकन नाक ओढलं.

"स्निव्हल," त्या म्हणाल्या. "म्हणजे नाक ओढत रडणं. चला, पुढचा शब्द सांगा."